शिक्का तिचा, राज्य कुणाचं?

प्राचीन राणीवर मराठी रील बनवायला फार कष्ट लागत नाहीत. मागे तुतारी, एआयकडून काढून घेतलेलं एक चित्र आणि वर ठळक अक्षरांत 'जगातली पहिली स्त्री राज्यकर्ती, जिला इतिहासाने विसरवलं' अशी एखादी ओळ. चित्रातल्या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात नंगी तलवार, मागे पेटलेलं आभाळ. नाव सातवाहनांच्या नागनिकेचं असो की वाकाटकांच्या प्रभावतीगुप्तेचं, चित्र जवळपास तेच. प्रभावतीगुप्तेची म्हणून जी काही कारकीर्द आपल्याला माहीत आहे ती सगळी वैधव्यातली आहे आणि तिच्या हातात तलवार असल्याचा उल्लेख तिच्या एकाही ताम्रपटात नाही, हे चित्राला कोण सांगणार?

रील बनवणाऱ्यांची टिंगल करणं सोपं आहे. पण त्यांच्यामुळेच अनेकांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली, हेही खरं. माझी तक्रार दोन्ही बाजूंशी आहे. मोबाइलवरचा इतिहास या बायकांना देवी करतो आणि जाडजूड पुस्तकांतला इतिहास त्यांना कुणाच्या तरी हातातली कळसूत्री बाहुली करतो. दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला चुकतात, आणि दोघांचीही एक गोष्ट राहून जाते. त्या बाईने स्वतःच्या नावाने जे कोरून ठेवलंय, ते शांतपणे वाचायचं राहून जातं.

'पहिली'चा हट्ट

नागनिकेपासून सुरुवात करू. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटातल्या लेण्यात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा मोठा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, अश्वमेध आणि राजसूय धरून. प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा आहे: हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. हे सगळे आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वरच्या नावपट्ट्या उरल्या. त्यातल्या एका पट्टीवर राणी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी ही नावं शेजारी शेजारी आहेत, आणि राणीचं नाव आधी आहे.

हे एवढंच पुरेसं विलक्षण आहे. पण आपलं एवढ्यावर भागत नाही, आपल्याला 'जगातली पहिली' हवी असते. सुमेरच्या राजांची जी प्राचीन यादी मातीच्या विटांवर सापडली, तिच्यात किश नगरीची राज्यकर्ती म्हणून कुबाबा या बाईचं नाव आहे, तेही नागनिकेच्या कितीतरी शतकं आधी. इजिप्तची हात्शेपसुत नागनिकेपेक्षा हजाराहून जास्त वर्षांनी जुनी. आणि श्रीलंकेत अनुराधपुरच्या गादीवर इ.स.पू. ४७ ते ४२ या काळात अनुला नावाची राणी स्वतः बसली होती. म्हणजे 'पहिली' हा दावा एका सर्चमध्ये पडतो. तो पडला की ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीचंही फेकलेलंच असणार. खोट्या किताबामुळे खऱ्या लेखाची पत जाते.

शिवाय नागनिकेने स्वतः राज्य चालवलं, हा लेखावरून काढलेला निष्कर्ष आहे. लेखातली कितीतरी अक्षरं झिजली आहेत. दोन कुमारांची आई, व्रतस्थ राहणारी, मोठे यज्ञ आणि दानं नोंदवणारी बाई एवढं त्यात दिसतं. मुलं लहान असताना ती कारभार पाहत असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. या वाक्यातला 'असावी' महत्त्वाचा आहे, आणि रील बनताना पहिली कात्री त्यालाच लागते.

दुसरा लोकप्रिय गैरसमज गौतमीपुत्र सातकर्णी या नावावरून येतो. राजा आईचं नाव लावतो, तेव्हा सातवाहन मातृसत्ताक होते, हे वाक्य मी स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही वाचलंय. नाव आईच्या गोत्रावरून आहे, हे बरोबर. पण गादी बापाकडून मुलाकडेच जाते. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजा झाला. त्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी आजीने, म्हणजे गौतमी बलश्रीने, नाशिकच्या पांडवलेण्यांत लेणं दान केलं आणि तिथे आपल्या मुलाची लांबलचक प्रशस्ती कोरवली. आईचं नाव लावणारं घराणं आणि आईचं राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बलश्रीचा लेख वाचताना मला भावतं ते वेगळंच. गौतमीपुत्राच्या पराक्रमाविषयी आपण जे काही सांगतो, त्यातलं बरंचसं त्याच्या आईने लिहवून घेतलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

नंदिवर्धनची राणी

आता मुख्य प्रकरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात एका तांबट घराण्याकडे जपून ठेवलेले दोन ताम्रपट अभ्यासकांच्या हाती आले. का. बा. पाठक आणि के. एन. दीक्षित यांनी त्यांचं वाचन प्रसिद्ध केलं. मजकूर असा: नंदिवर्धनहून, १३व्या वर्षी, प्रभावतीगुप्ता एका आचार्याला दंगुण नावाचं गाव दान देत आहे. ती महाराज रुद्रसेनाची अग्रमहिषी आहे आणि युवराज दिवाकरसेनाची आई आहे.

हा ताम्रपट मिळेपर्यंत वाकाटकांचा काळच नीट ठरत नव्हता. हे राजे कोणताही संवत वापरत नसत, फक्त आपल्या राज्याचं अमुक वर्ष लिहीत. त्यांच्या लेखांत प्रभावतीच्या वडिलांचं नाव 'देवगुप्त' असं येई. हा देवगुप्त म्हणजे मगधाचा खूप नंतरचा एक राजा, असं फ्लीटसारख्या मोठ्या अभ्यासकाने धरलं, आणि त्यामुळे सगळं घराणंच काही शतकं पुढे सरकलं. पुण्याच्या ताम्रपटात प्रभावतीने आपलं माहेर नावानिशी सांगितलं: घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, आणि मग वडील दुसरा चंद्रगुप्त. आई नागकुळातली कुबेरनागा. एका फटक्यात गुत्थी सुटली. वाकाटक चौथ्या-पाचव्या शतकात बसले. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे, म्हणजे त्या लेण्याच्या काळाचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. विदर्भाच्या सर्वांत वैभवशाली राजघराण्याचं कॅलेंडर एका सुनेने सांगितलेल्या माहेरच्या नावांवर लागलं.

गंमत पुढे आहे. ज्या वंशावळीने हे सगळं उलगडलं, तीच वंशावळ तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली. ताम्रपटाची सुरुवात सासरऐवजी माहेरच्या राजांनी होते. अक्षरंही वाकाटकांच्या नेहमीच्या पेटीसारख्या शिरोरेषेची नाहीत, उत्तरेकडच्या गुप्त वळणाची आहेत. यावरून असं चित्र रंगवलं गेलं की, तरुण विधवा मुलीच्या मदतीला बापाने पाटलिपुत्राहून अनुभवी अधिकारी पाठवले आणि राज्य तेच चालवत होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तर त्या अधिकाऱ्यांत बहुधा कालिदासही असावा, असं म्हटलं. मिराशींचं काम एवढं मोठं आहे की वाकाटकांवर एक ओळ लिहायची तरी त्यांच्या संपादित लेखसंग्रहाकडेच जावं लागतं. मीही तिथूनच शिकलोय. पण नेमक्या याच ठिकाणी त्यांचा तर्क पुराव्याच्या पुढे धावतो.

एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा वर्षांचा. १३व्या वर्षीही दिवाकरसेन 'युवराज'च आहे, 'महाराज' नाही. म्हणजे किमान १३ वर्षं कारभार तिच्या नावाने चालला. कधीतरी दोन-चार वर्षं गादी सांभाळणं वेगळं आणि इतका काळ राज्य टिकवणं वेगळं.

दुसरा मुद्दा बापाच्या मृत्यूचा. प्रभावतीचा आणखी एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला मिळाला. हेच ते महानुभावांचं ऋद्धपूर. हे दान तिने रामगिरीस्वामींच्या चरणांपासून, म्हणजे आजच्या रामटेकहून दिलं आहे. तेव्हा तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन राजा होता आणि त्याचं १९वं वर्ष चालू होतं. गुप्त लेखांवरून दुसऱ्या चंद्रगुप्ताचा काळ इ.स. ४१५च्या आत संपतो. बहुतेक अभ्यासकांच्या कालगणनेत ऋद्धपूरचा ताम्रपट त्यानंतर वीसेक वर्षांनी येतो. म्हणजे बाप जाऊन दोन दशकं झाली, मुलगा गादीवर आहे, आणि तरीही ती दान स्वतःच्या नावाने देते आणि वंशावळ माहेरचीच सांगते. तेव्हा तिला कोण सांगत होतं, काय लिहायचं ते?

तिसरा मुद्दा गोत्राचा. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. प्रभावती मात्र स्वतःचं गोत्र धारण असं सांगते, म्हणजे बापाचं. लग्नानंतर बाईचं गोत्र बदलतं, ही आपल्याकडे इतकी पक्की समजूत आहे की वेगळं काही दिसलं की आपण बाहेरचा हात शोधू लागतो. तिने मुद्दाम ठेवलं असेल, ही शक्यता शेवटी आठवते. त्या काळातल्या राजकारणात गुप्तांची मुलगी असणं हे भांडवल होतं. ते तिने वापरलं, असंही वाचता येतं. मला तर हेच वाचन जास्त सरळ वाटतं.

चौथा मुद्दा अक्षरांचा. लेखनिक उत्तरेचा असू शकतो, नव्हे, असेलच. पण लेखनिक कुठला यावरून राज्यकर्ता कोण हे ठरत नाही. आमच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि त्यात नाव असतं. ते नाव म्हणजे सगळं सत्य नसतं, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. कल्पना एकाची, टायपिंग दुसऱ्याचं, जबाबदारी तिसऱ्याची असू शकते. पण मग ही शंका सगळ्या नोंदींवर घ्यावी लागते. समुद्रगुप्ताची अलाहाबादची प्रशस्ती हरिषेण नावाच्या अधिकाऱ्याने रचली. म्हणून समुद्रगुप्त हरिषेणाच्या हातातलं बाहुलं होता, असं कुणी म्हणत नाही. राजाकडे मंत्री असले तर तो चांगला प्रशासक ठरतो. राणीकडे मंत्री असले की राज्य मंत्री चालवतात.

कालिदासाची गोष्ट खूप नंतरच्या ग्रंथांतल्या आणि टीकांतल्या आख्यायिकांवर उभी आहे. तिच्यातून जे घडतं ते मात्र खरं आहे. आज रामटेकच्या टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे आणि त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ १९९७पासून त्याच गावात आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे विद्वानांनी केलेलं अनुमान आहे आणि इतर ठिकाणंही त्यावर हक्क सांगतात. प्रभावतीच्या ताम्रपटात मात्र रामगिरीचं नाव थेट आहे. ज्याचं तिथे असणं तर्कावर अवलंबून आहे त्याचं स्मारक झालं. जिने स्वतः तिथून फर्मान काढलं, तिचं नाव टेकडी चढणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

२०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि डेक्कन कॉलेजने रामटेकजवळच्या नगरधनला उत्खनन केलं. नगरधन म्हणजेच जुनं नंदिवर्धन, असं मानलं जातं. तिथे मातीची एक लहानशी लंबगोल मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मीत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि वर शंख. कागद नव्हता त्या काळात मातीच्या अशा ठशाने माल किंवा पत्र सीलबंद होई. म्हणजे या राजधानीत तिच्या नावाने व्यवहार बंद होत होते आणि उघडत होते.

देवीही नव्हे

इथे थांबून दुसऱ्या बाजूलाही बोलायला हवं. बाहुली नाही म्हटलं की लगेच 'पाचव्या शतकातली स्त्रीवादी' अशी पोस्ट येते. ताम्रपट तसं म्हणत नाहीत. ती स्वतःची ओळख अमक्याची मुलगी, अमक्याची पट्टराणी, अमक्याची आई अशीच देते. पुणे ताम्रपटाच्या शिक्क्यावरही ही युवराजाच्या मातेची आज्ञा आहे, असाच आशय आहे. तिची सत्ता नात्यांतून आली आणि ते तिने लपवलं नाही. तिने दान दिलं ते ब्राह्मणांना दिलं. त्या गावात राबणाऱ्या बायकांचं काय झालं, ते तांब्यावर कुणी कोरलं नाही. आणि 'ती शंभराहून जास्त वर्षं जगली' हे जे नेहमी फिरतं, ते ऋद्धपूरच्या एका समासाचं वाचन आहे. काही विद्वान त्याचा अर्थ दीर्घायुष्याचा आशीर्वाद असा लावतात.

आपल्या कोकणात याहून धीट शब्द सापडतो. पुलकेशी दुसरा पल्लवांकडून इ.स. ६४२च्या सुमारास हरला आणि बदामीचं राज्य डळमळलं. त्या गोंधळाच्या वर्षांत त्याची सून विजयभट्टारिका हिने आजच्या सिंधुदुर्गातल्या नेरूर आणि कोचरे इथे मिळालेले ताम्रपट काढले. नेरूरच्या ताम्रपटात काळ सांगताना 'स्वराज्या'चं पाचवं वर्ष असा उल्लेख आहे. हे राज्य तिचं की नवरा चंद्रादित्याचं, यावर वाद आहे. मात्र तिची पोस्ट केली जाते ती बहुतेक वेळा संस्कृत कवयित्री विज्जिका म्हणून. दोघी एकच होत्या याला पक्का पुरावा नाही. राज्यकर्तीपेक्षा कवयित्री शेअर करायला सोपी पडते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्याने लिहिलं की

आशियाभर नजर टाकली की कळतं, प्रभावती नशीबवान होती. तिचे स्वतःचे कागद उरले. अनुराधपुरच्या अनुलाची गोष्ट आपल्याला महावंसातून कळते. तो भिक्खूंनी तिच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहिला आणि त्यात ती एकामागून एक नवऱ्यांना विष घालणारी कामांध बाई आहे. काश्मीरच्या दिद्देने आधी मुलाच्या आणि नातवांच्या नावाने आणि मग इ.स. ९८० ते १००३ स्वतः राज्य केलं. मरताना भाच्याला गादी दिली आणि सत्ता शांतपणे हस्तांतरित झाली. तिच्यानंतर दीडेकशे वर्षांनी लिहिणाऱ्या कल्हणाच्या राजतरंगिणीत तिच्या कपटाला आणि प्रियकरांना जितकी जागा आहे, तितकी या शांत हस्तांतराला नाही. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राट झालेली एकमेव स्त्री वू झेत्यान, इ.स. ६९० ते ७०५. तिच्यानंतरच्या दरबारी इतिहासकारांनी तिचीही गत अशीच केली.

या बायकांनी खून केलेच नसतील, असं मला म्हणायचं नाही. त्या काळी गादीसाठी पुरुषही सख्ख्या भावांना मारत होते. फरक एवढाच की पुरुषाच्या खुनाला राजकारण म्हटलं गेलं आणि बाईच्या खुनाला चारित्र्य.

आमच्या सोलापुरात हा प्रश्न फार जुना नाही. जुळे सोलापूरहून निघून शहर ओलांडलं की पुणे रस्त्यावर केगावला विद्यापीठ लागतं. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. नाव योग्यच आहे. पण दर ३१ मे रोजी जे बॅनर लागतात, त्यांत अहिल्यादेवींच्या हातात शिवपिंडीशिवाय दुसरं काही मी पाहिलेलं नाही. १७६७ ते १७९५, जवळपास २८ वर्षं या बाईंनी महेश्वरहून राज्य चालवलं. वसूल पाहिला, न्याय केला, पेशव्यांशी पत्रव्यवहार केला. सासरे मल्हारराव हयात असताना त्यांच्या पत्रांतून तोफा-दारूगोळ्याची कामं सुनेवर सोपवलेली दिसतात. पिंड खरी आहे, तोफाही खऱ्या आहेत. बॅनरवर मात्र एकाच गोष्टीला जागा मिळते, जी बघून कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

आत्ताचं काय

दीड हजार वर्षांपूर्वीच्या राणीचं खरं-खोटं ठरवून आज काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. पडतो. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. तरी 'सरपंच पती' हा शब्द आपल्याकडे हसत हसत वापरला जातो. काही ठिकाणी नवराच कारभार करतो, हे कुणी नाकारत नाही. पण मग सही करणारी प्रत्येक बाई बाहुलीच, हे आपण न तपासता धरून चालतो. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून स्वतः भांडलेल्या सरपंचबाईंच्या कामाचं श्रेय त्यामुळे सहज घरच्या पुरुषाच्या खात्यावर जमा होतं. प्रभावतीच्या बाबतीत विद्वानांनी जे केलं आणि चावडीवर आपण जे करतो, त्यामागचं गृहीतक एकच आहे: कागदावर बाईचं नाव असलं तर मागे कुणीतरी असणार.

म्हणून पुढच्या वेळी अशी पोस्ट आली की तीन गोष्टी विचारा. हे तिने स्वतः लिहवून घेतलंय की शंभर-पाचशे वर्षांनी दुसऱ्या कुणी? यातलं कोरलेलं किती आणि 'असावं' किती? आणि हाच पुरावा राजाच्या बाबतीत असता तर मी हाच निष्कर्ष काढला असता का? तिसऱ्या प्रश्नाला रीलही अडखळेल आणि काही जाड ग्रंथही.

आणि चित्र हवंच असेल तर नगरधनची मुद्रा लावा. मातीचा छोटा लंबगोल, वर शंख, खाली नाव. तिचा चेहरा कसा होता ते कुणालाच माहीत नाही. आपल्यासाठी तिने जे मागे ठेवलं, ते तिचं नाव आहे.